अध्यक्षांच्या डाव्या हाताचा बाक

मी बाक बोलतोय. डावीकडचा.

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत एक समाजमंदिर आहे. त्यात बाक दोन. त्यातला गुळगुळीत, चकचकीत, स्वतःला फार समजणारा जो आहे, तो मी नव्हे. लोक आत आले की आधी त्याच्याकडे जातात. तुम्हीही गेला असतात, पण आज तिथं जागा नव्हती. जाऊ द्या. आता बसलाच आहात माझ्यावर, तर ऐका.

आम्ही दोघं एकाच झाडाचे. सायखेड्याला गोदावरीच्या काठावर एक आंबा होता. त्यानं उभ्या जन्मात एक कैरीसुद्धा दिली नाही. मालकानं कंटाळून तो तोडला आणि निवृत्ती सुताराकडून दोन बाक करून घेतले. खालचा जाडजूड बुंधा गेला त्याच्यात. वरचा, वाऱ्यानं वाकलेला भाग आला माझ्या वाट्याला. त्याच्या फळीत एक गाठ शोधून दाखवा. माझ्यात गाठीच गाठी. एका गाठीपाशी फळी बसेना, म्हणून निवृत्तीनं तिथं खिळा तिरका ठोकला. टोक वर राहिलं. "राहू दे, कोन बघतंय," म्हणाला. त्या बाकाला मात्र पॉलिशपेपर दोनदा मारला. मी बघत होतो.

मग मालकानं आम्हाला समाजमंदिराला विकलं. नाशिकरोडला आलो ते कोबीच्या टेम्पोतून. तो पोत्यांवर, मी पोत्यांखाली.

हे शहात्तर साल. कॉलनीत बहुतेक घरं बौद्धांची. कोणी नोटांच्या प्रेसमध्ये कामाला, कोणी रेल्वेत, कोणी मास्तर, कोणी कारकून. समाजमंदिराच्या एका टोकाच्या भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. दुसऱ्या टोकाला दार. दोन्ही लांब भिंतींना आम्ही दोघं, समोरासमोर. त्याच्या डोक्यावर खिडकी. खिडकीतून वारा. खिडकीच्या वर हॉलमधली एकुलती एक ट्यूबलाइट. माझ्या मागे चुन्याची भिंत, जिला टेकलं की शर्ट पांढरा होतो. बाजूला पाण्याचा माठ, जो झिरपतो. आता सांगा, तुम्ही कुठं बसाल?

दोन वर्षं लग्नं झाली, जयंत्या झाल्या. नवरदेवाकडची मंडळी त्याच्यावर बसायची. माझ्यावर आहेराची पातेली.

मग रंगनाथ मास्तर दिल्लीला गेले.

मास्तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. त्यांच्या तासाला पोरं झोपतात हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. शिक्षकांची सहल दिल्लीला गेली तेव्हा बाकीचे लाल किल्ल्यात हिंडले. मास्तर कुणाची तरी चिठ्ठी मिळवून लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले. परत आले ते भारावून. पोरांना म्हणाले, "मी सांगून तुम्हाला कळणार नाही. आपण करू. दर शनिवारी चार वाजता, इथं."

पंच कमिटीचे पुंजाराम आप्पा म्हातारे आणि हुशार होते. ते म्हणाले, "मास्तर, पोरं बोलायला शिकली, तर घरात आमचं कोन ऐकंल?"

"आप्पा, बोलायला नाही, ऐकायला शिकतील."

"मग करा. पन एक हाय. सरकारनं मंजूर केलेला ठराव तेवढा आमच्याफुडं आना. इरोधकांचा नाय. दोनी बाजूचं ऐकत बसलो तर जेवायचं कधी?"

अशी आमची युवक संसद सुरू झाली. ज्यांना अजून मतदान नाही तेच सभासद. तेव्हा मतदान एकविसाव्या वर्षी असायचं. एकवीस पूर्ण झाले की मास्तर गळ्यात हार घालायचे आणि म्हणायचे, "जा, आता खरं करा."

पहिल्या शनिवारी मास्तर फोटोंखाली टेबल मांडून अध्यक्ष म्हणून बसले. हात लांब करून म्हणाले, "अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार. डाव्या हाताला विरोधी पक्ष. दिल्लीत असंच असतं."

मास्तरांचा उजवा हात त्याच्याकडे होता.

बस. एवढंच. कोणी विचारलं नाही, कोणी लायकी बघितली नाही. मास्तर त्या दिवशी दाराकडे बसले असते, तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं.

लोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, बाक वाजवतात. हेही मास्तरांनीच दिल्लीहून आणलं. सरकार काहीही बोललं की सरकारचे लोक बाक वाजवणार. "आज शनिवार आहे," असं पंतप्रधानांनी म्हटलं तरी तिकडे धडाधड, धडाधड. देवळालीच्या तोफांचा सराव चालू असला की त्या तोफासुद्धा त्याच्यापुढे मवाळ वाटायच्या. इतक्या हातांनी तो गुळगुळीत झाला. लोक म्हणतात, काय सुंदर लाकूड आहे. लाकूड तेच आहे हो! हात जास्त पडले.

माझ्यावर हात पडायचा तो कुणी झणझणीत टोमणा मारला तरच. आणि टोमणा मारून झाला की सभात्याग. सभात्याग म्हणजे रागानं उठायचं, बाहेर जायचं आणि कुसाबाईच्या गाडीवर भजी खायची. विरोधकांच्या भावना तीव्र असल्या की दोन प्लेट. मी तोवर रिकामा. समोरचा माझ्याकडे बघत असायचा. बाकाला डोळे नसतात असं म्हणू नका. मला कळायचं.

एकोणऐंशी साली दिल्लीत सरकार पडलं. मग आपणही पाडायला पाहिजे, नाहीतर दिल्ली पुढे जाईल, असं आमच्या पोरांना वाटलं. तेव्हा माझ्यावर झुंबर नावाचा मुलगा विरोधी पक्षनेता म्हणून बसायचा. बेलबॉटम, कुरळे केस, मागच्या खिशात कंगवा. त्यानं कर्कटकानं माझ्या पाठीवर स्वतःचं नाव कोरलेलं. मी म्हटलं चालेल, आपलाच आहे. झुंबरनं अविश्वास ठराव मांडला, हात वर झाले, ठराव पास.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी सरकार! झुंबरनं माझ्यावर एक जोरदार थाप मारली. उठला. आणि चालत समोर गेला.

मी म्हटलं, काहीतरी विसरला असेल तिकडे.

तो तिकडे बसला. कंगवा काढून त्या बाकावर ठेवला. समोरचं पडलेलं मंत्रिमंडळ तोंडं पाडून येऊन माझ्यावर बसलं.

तेव्हा मला या राज्यपद्धतीतला दोष समजला. सरकार बदलतं, बाक बदलत नाही. माझ्यावर बसून, माझ्यावर हात आपटून जो मोठा होईल, तो जिंकला की त्याच्याकडे जाणार. तो पडला की माझ्याकडे येणार. माझ्याकडे फक्त जिंकायच्या आधीचे आणि पडल्यानंतरचे. आणि पाठीवर नाव झुंबरचं. त्यानंतर झुंबर जवळजवळ चार वर्षं पंतप्रधान राहिला आणि त्याचं नाव मी वागवत होतो.

ब्याऐंशीला लंका आली.

लंका सोळा वर्षांची. वडील जयराम प्रेसमध्ये पहाटेच्या पाळीला. आई नवसाबाई. घर एका खोलीचं, माणसं सात. मुलींनीही यायचं हा मास्तरांचा हट्ट होता, म्हणून ती आली. सरकारी बाकावर जागा नाही असं मुलांनी पाय पसरून दाखवलं, म्हणून ती माझ्या टोकाला बसली. पहिला महिना एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या महिन्यात ती विरोधी पक्षनेता होती.

ती बाक बडवायची नाही. बोटाच्या पेरानं एकदाच वाजवायची. टक. सगळे गप्प. एवढ्या वर्षांत त्या बाकाला अशी टक कधी मिळाली नव्हती, आणि मला एक गोष्ट पहिल्यांदाच त्याच्याहून जास्त मिळाली असं वाटलं. पण तिचं लक्ष सतत समोर. बसलेली माझ्यावर, नजर त्याच्यावर. मी तिला दोष देत नाही. विरोधी पक्षनेत्याला दुसरीकडे बघताच येत नाही. पण वाईट वाटतं.

तिला काय हवं होतं ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. मुलं रात्री नऊपर्यंत हॉलमध्ये ट्यूबखाली अभ्यासाला बसायची. मुलींना दिवेलागणीनंतर हॉलमध्ये यायची बंदी. लंकाच्या घरी वडील पहाटे उठायचे म्हणून आठ वाजता दिवा बंद. आणि मार्चमध्ये तिची बारावी. संध्याकाळी सात ते नऊ हॉल मुलींनाही उघडा, एवढीच तिची मागणी. पण मागणी पंच कमिटीपुढे न्यायची तर ती सरकारची पाहिजे. म्हणजे तिला समोर जायचं होतं.

मला समोर जायचं होतं. तिलाही. फरक एवढाच की तिला पाय होते आणि मला ते नुसतेच होते.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत तिनं अविश्वास ठराव मांडला. त्या दिवशी ती नवसाबाईची लग्नकार्यात नेसायची निळी साडी नेसून आली होती. जिंकली तर शपथ घ्यायची म्हणून. नवसाबाईनं साडी देताना बजावलं होतं, "डाग पडला तर घरात घेनार नाय." सहा वाजता हॉलमध्ये एक बारसं होतं, त्यामुळे कामकाज त्याआधी संपवायचं. पंच कमिटीची बैठक त्याच रात्री. पुढची बैठक एप्रिलमध्ये. म्हणजे परीक्षा होऊन गेल्यावर.

बारशाला आलेल्या बायका लवकरच जमल्या आणि खिडकीशी उभ्या राहून बघायला लागल्या. खिडकी म्हणजे आमची प्रेक्षक गॅलरी.

झुंबर उठला. केसांवरून कंगवा फिरवला. "अध्यक्ष महोदय, मुली हॉलमध्ये आल्या तर मुलांचं अभ्यासावरून लक्ष उडेल."

तिकडे धडाधड, धडाधड.

लंका म्हणाली, "अध्यक्ष महोदय, गेल्या वर्षी मुली हॉलमध्ये नव्हत्या. तरी पंतप्रधानांचे गृहमंत्री, शिक्षणमंत्री आणि स्वतः पंतप्रधान इंग्रजीत नापास झाले. लक्ष तेव्हा कुठं होतं, याचा सरकारनं खुलासा करावा."

टक.

माझ्यावर इतके हात पडले की माठातलं पाणी हललं.

"वैयक्तिक टीका करू नका!" झुंबर ओरडला.

"वैयक्तिक नाही. निकाल फळ्यावर लागला होता."

मास्तरांनी मतदान घेतलं. ठरावाच्या बाजूचे हात मोजले, विरोधातले मोजले. बरोबरीत. सरकारी बाकावर खिडकीखाली बसलेला अर्थमंत्री गेणू तेवढा राहिला होता. त्याचा हात खाली, मान खाली.

खिडकीच्या गजांतून एक हात आत आला आणि गेणूच्या डोक्यावर बसला. बायडाबाईचा. त्याच्या आईचा.

"गेण्या, तुही बहीन चुलीच्या उजेडात वाचती. डोळे गेले तिचे. अन् तू इथं कोनाला राखायला बसला रे?"

मास्तर म्हणाले, "प्रेक्षक गॅलरीनं शांतता राखावी."

"मी गॅलरी नाय. मी त्याची आई हाय."

यावर नियमावलीत काही नव्हतं. गेणूनं डोकं सोडवून घेण्यासाठी हात वर केला, आणि मास्तरांनी तो ठरावाच्या बाजूचं मत म्हणून धरला. गेणूनंही मग तो खाली घेतला नाही.

सरकार गेलं.

मी आनंदानं नाचलो वगैरे नाही. मला माहीत होतं आता काय होणार. लंका उठणार, समोर जाणार, त्याच्यावर बसणार. तिची ती टक उद्यापासून त्याला मिळणार. झुंबर येऊन स्वतःच्या नावावर बसणार. मी आयुष्यात पुष्कळ सोसलंय, पण ती टक त्याला मिळावी हे मला सोसवेना.

लंका उठली. आणि उठता उठता थांबली. साडी अडकली होती. निवृत्तीच्या तिरक्या खिळ्यात.

मी काही केलं नाही. बाक काय करणार? पण सोडलंही नाही.

ती खाली वाकली, ओढून बघितलं. काठ करकरला. "थांबा, ओढू नका," ती मैत्रिणींना म्हणाली. "आईची आहे. फाटली तर सरकार घरीच पडेल." एकानं खिळा बोटानं वाकवायला बघितला, त्याचं बोटच रक्ताळलं. पक्कड कुणाकडे नव्हती.

"पंतप्रधानांनी शपथेसाठी उजवीकडे यावं," मास्तर म्हणाले.

"सर, अडकलेय."

झुंबर तिकडे पाय पसरून बसला. त्याला एकदम राज्यघटना आठवली. "अध्यक्ष महोदय, नवीन सरकारची शपथ होईपर्यंत आम्ही हंगामी सरकार. हंगामी सरकार जागा सोडत नाही. आणि नवीन सरकार जागेवर आल्याशिवाय शपथ होत नाही. बरोबर ना?"

मास्तरांनी डोक्याला हात लावला. "बरोबर आहे."

"मग आम्ही बसतो सहापर्यंत," झुंबर म्हणाला, आणि मंत्रिमंडळानं बाक वाजवला.

कोणी म्हणालं, लंकाला बाकासकट उचलून तिकडे नेऊ. माझ्या काळजात, म्हणजे मधल्या आडव्या पट्टीत, धस्स झालं. पण तिकडे भिंतीला झुंबर अँड कंपनी बसलेली, आणि हॉल अरुंद. खिडकीतून बारशातली आत्याबाई ओरडली, "आटपा रे, पाळणा कधी बांधायचा?"

लंकानं खिळ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. मग बसली. माझ्यावर. आणि मास्तरांकडे बघून म्हणाली, "सर, सरकार अध्यक्षांच्या उजव्या हाताला पाहिजे ना?"

"हो."

"मग मला कशाला हलवता? तुम्ही तिकडे दाराच्या टोकाला बसा. तिकडून तोंड इकडे केलंत की तुमचा उजवा हात माझ्याकडे येतो."

सगळ्यांनी मनातल्या मनात मास्तरांना उचलून दाराशी नेलं, फिरवलं, आणि त्यांचे हात मोजले. बरोबर होतं.

झुंबर ताडकन उठला. "हे चालणार नाही! टेबल बाबासाहेबांच्या फोटोखालून हलणार नाही. पहिल्या दिवसापासून तिथंच आहे."

हा मुद्दा खरा होता आणि जड होता. माझ्यावर बसलेलेही दोघं-तिघं मान डोलवायला लागले. पुंजाराम आप्पाही तेवढ्यात दारात येऊन उभे राहिले होते. फोटोखालची जागा म्हणजे काय, हे आमच्या कॉलनीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

लंकानं माझ्यावर बोट ठेवलं, पण वाजवलं नाही. ती हळूच म्हणाली, "सर, इतकी वर्षं तुम्ही बाबासाहेबांकडे पाठ करून बसताय. तिकडे बसलात तर ते समोर दिसतील. काम नीट चाललंय का, ते त्यांना बघू द्या की."

मास्तरांनी मान मागे वळवली. फोटोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटतं, खाली बसून इतक्या जवळून त्यांनी तो कधी बघितलाच नव्हता.

मग ते उठले आणि टेबलाचं एक टोक स्वतः धरलं. "गेणू, तिकडून उचल रे."

टेबल दाराकडे निघालं. झुंबर अजून उभाच होता. टेबल खाली ठेवलं, मास्तर खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि पंतप्रधान झुंबर जागच्या जागी विरोधी पक्षनेता झाला. त्याला एक पाऊलसुद्धा टाकावं लागलं नाही. आमच्या संसदेच्या इतिहासात इतकं सोपं सत्तांतर कधी झालं नव्हतं.

आणि मी, डाव्या हाताचा बाक, गाठींचा, झिरपत्या माठाशेजारचा, मी सरकार झालो.

लंकानं बसूनच शपथ घेतली. "मी, लंका जयराम, संविधानाला स्मरून..." नंतर कोणीतरी पक्कड आणून साडी सोडवली. एक धागा निघाला. नवसाबाईनं तो बघितला आणि घरात घेतलं.

हॉलचा ठराव त्याच रात्री पंच कमिटीपुढे गेला. पुंजाराम आप्पांनी विचारलं, "मुलींना घरी सोडायला कोन?" बायडाबाई म्हणाली, "आमी. अन् कमिटीला कोन घरी सोडनार ते बी आमीच बघू." ठराव मंजूर.

आता तुम्हाला वाटेल की बाक सुखी झाला. मलाही तसं वाटलं होतं. एक दिवस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता लंका आली, गेणूची बहीण आली, अजून काही मुली आल्या. पुस्तकं छातीशी धरून. मी तयार. लंकानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सगळ्या जणी सरळ जाऊन त्या बाकावर बसल्या. ट्यूब त्याच्या डोक्यावर होती.

सत्ता माझ्याकडे, उजेड त्याच्याकडे. मार्चपर्यंत रोज दोन तास मी अंधारातून बघत होतो. ती गणितं करताना पेन त्याच्यावर वाजवायची. टक. टक. टक. ती बारावी पास झाली. पुढे डी.एड. करून हरसूलला मास्तरीण झाली. त्यात माझा वाटा किती, त्याचा किती, याचा हिशोब मी मांडत नाही. त्यानंही मांडू नये.

शनिवारीही गंमत राहिली नाही. झुंबरला एकवीस पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले होते, पण विरोधात गेल्यावर तो असा काही बोलायला लागला की खिडकीत जागा पुरेना. तिकडे हशा, टोमणे, खरेखुरे हात. माझ्यावर मात्र "आज शनिवार आहे" म्हटलं की धडाधड. मंत्र्यांचं बडवणं कसं असतं ते मला तेव्हा कळलं. हात पडतो, पण मन नसतं त्यात. मास्तर दाराशी बसल्यामुळे सभात्याग करणाऱ्यांना त्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागे, म्हणून विरोधक बाहेर जायचेच बंद झाले. तो सदा भरलेला. कुसाबाईची भजी मात्र बसली.

असं चाललं होतं. कधी हे सरकार, कधी ते. मास्तर दाराशीच राहिले, त्यामुळे उजवी बाजू माझीच राहिली. मी तिकडे बघून जळत होतो. तोही इकडे बघून जळत असेल, अशी मला आशा होती.

मग एकोणनव्वद साल आलं आणि मतदानाचं वय अठरा झालं.

सगळ्या देशात तरुण पोरं खूश. आमच्याकडे पेढे वाटले. मास्तरांनी पेढा तोंडात टाकला, आनंदानं समोरच्या पोरांकडे बघितलं, आणि चावता चावता थांबले. अठरा, एकोणीस, वीस. जवळपास सगळ्यांना आता खरं मतदान. म्हणजे नियमानं सगळ्यांना हार. हार एकच होता. तो एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालत मास्तर म्हणत राहिले, "जा, आता खरं करा. जा, आता खरं करा." शेवटच्या पोराच्या गळ्यात नुसता दोरा गेला. ज्या दिवसाची मास्तरांनी दहा वर्षं वाट बघितली, त्याच दिवसानं त्यांची संसद रिकामी केली. ते हसत होते. चष्मा पण पुसत होते.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्या पोरांनी शाळेत जाऊन मतदान केलं. शाईचं बोट दाखवायला इथं आली. मग आली नाहीत.

आता सभासद पाच. सोळा-सतरा वर्षांचे. मास्तर म्हणाले, "पाचांना दोन बाक कशाला? एकावर मावतील." तो ट्यूबखाली मुलींच्या अभ्यासाला लागतो. अभ्यासाला मुली आता दुपारपासूनच इतक्या येतात की तो भरून जातो. म्हणून मला ओढून टेबलासमोर आडवा लावला. माझ्या एका टोकाला तीन जणांचं सरकार, दुसऱ्या टोकाला दोघांचा विरोधी पक्ष. अख्खी संसद माझ्यावर.

पहिल्याच शनिवारी विरोधकांनी सभात्याग केला. दोघं माझ्या टोकावरून उठले, तसा मी दुसऱ्या बाजूनं उलटलो आणि तिघं मंत्री माठाशेजारी फरशीवर. एकाचा दात हलला. तेव्हापासून सरकार काही करायच्या आधी विरोधकांना विचारतं, "तुम्ही बसताय ना?" मास्तर म्हणतात, हे दिल्लीत सुद्धा नाही.

सगळं मिळालं म्हणायचं. पण मला रात्री झोप लागत नाही. सरकारचं टोक माझं आहे आणि विरोधकांचंही माझंच. डाव्या टोकावर चांगलं भाषण झालं की उजव्या टोकाला मिरची लागते. उजव्याला शाबासकी मिळाली की डावं कुरकुरतं. स्वतःच्याच अर्ध्या अंगाचा हेवा करत बसणं हे कुठल्याही लाकडाला शोभत नाही. आणि त्यात पूर्वीची मजा नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. अठरा झालेल्यांनो, तुम्ही मतदानाला जा, बोट मिरवा, तो तुमचा हक्क आहे. पण घरी पंधरा-सोळाचं कोणी असेल, तोंडाळ असेल, कुणाचं ऐकत नसेल, तर त्याला शनिवारी चार वाजता इथं पाठवा. तिलाही पाठवा. एका बाकावर मावणार नाहीत इतकी पोरं जमली, की मास्तरांना नाइलाजानं त्या दुसऱ्याला ट्यूबखालून ओढून आणावं लागेल.

त्याला मास्तरांच्या उजव्या हाताला ठेवा हवं तर. माझी हरकत नाही. फक्त तो समोर पाहिजे. त्याच्यावर कोण बसलंय, काय बोलतंय, त्याला किती हात पडतायत, ते मला दिसलं पाहिजे.